शरद ऋतू लागू झाला आहे

सप्टेंबरात मॉस्कोला निघालेल्या माणसाची बॅग भरायला घरातले झाडून सगळे पुढे येतात, आणि त्यांतल्या एकालाही मॉस्को ठाऊक नसतं. काकू कानटोपी देतात, मेहुणा लडाखला नेलेलं जाकीट देतो, शेजारचे निवृत्त सर नेपोलियनचं काय झालं याची आठवण करून देतात. नेपोलियन मॉस्कोत शिरला तो १४ सप्टेंबर १८१२ रोजी, आणि बाहेर पडला १९ ऑक्टोबरला. मधल्या पाच आठवड्यांत त्याला थंडीनं नव्हे, आगीनं छळलं. हवा उलट इतकी सालस होती की ती अशीच राहणार असं त्याला वाटत राहिलं, आणि घात झाला तो तिथं. तेव्हा सरांचा दाखला बरोबर आहे, फक्त त्यातून निघणारा धडा वेगळा आहे. नेपोलियन हवेवर विसंबला. मॉस्कोत हवेवर कुणी विसंबत नाही. तिथली माणसं हवेबद्दलच्या हुकमावर विसंबतात. माझं म्हणणं असं, की या सव्वा कोटीहून अधिक वस्तीच्या शहरात शरद ऋतू येत नाही. तो लागू होतो, आपल्याकडे निवडणुकीची आचारसंहिता लागू होते तसा. सप्टेंबरात तिथं जाणाऱ्यानं पिवळी पानं जरूर बघावीत, त्यांचे फोटोही काढावेत; पण पानं फुकट गळतात. बघण्यासारखी खरी गोष्ट आहे ती अंमलबजावणी.

तारखेपासून सुरुवात करू. आपल्याकडे ऋतू नेमका कधी बदलला हे छातीठोक सांगणारा माणूस सापडणं कठीण. मृग ठरल्या दिवशी लागतो, पण पाऊस त्याचा मिंधा नसतो. गणपतीत पाऊस, नवरात्रात पाऊस, आणि छत्री माळ्यावर टाकली की ऑक्टोबर हीट. शरद ऋतू आश्विन-कार्तिकाचा हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण शरद म्हटल्यावर महाराष्ट्रात बहुतेकांना चांदणं आठवत नाही, राजकारण आठवतं. रशियात असला घोळ नाही. तिथं शरद १ सप्टेंबरला सुरू होतो. ३१ ऑगस्टच्या रात्रीपर्यंत उन्हाळा, सकाळी उठल्यावर शरद. मधे रेंगाळणं नाही. त्याच दिवशी देशाच्या अकराही कालविभागांतल्या शाळा उघडतात. १९८४ पासून या दिवसाला ‘ज्ञानदिन’ असं अधिकृत नावही आहे. पहिलीतलं पोर आपल्याहून उंच पुष्पगुच्छ छातीशी धरून बाईंना द्यायला निघतं, आणि गुच्छातली फुलं आईनं मोजून विषम ठेवलेली असतात, कारण सम संख्येची फुलं अंत्ययात्रेला नेतात. बाहेर पंचवीस अंशांचं लख्ख ऊन असलं तरी त्या पोराच्या लेखी उन्हाळा संपलेला असतो. शहरातली कारंजीही अशीच. एप्रिलअखेर सुरू होतात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद. त्या दिवशी हवा कशी आहे हे कारंज्याला कुणी विचारत नाही. कॅफेवाले तेवढे थोडे बंडखोर. ते फुटपाथवरची टेबलं आत घेण्याचं शक्य तितकं लांबवतात आणि प्रत्येक खुर्चीवर एक घडी घातलेली शाल ठेवतात. मग गिऱ्हाईक पायांवर शाल पांघरून, वाफाळता चहा धरून बाहेर बसतं आणि आपण उन्हाळ्यात बसलो आहोत असा चेहरा करतं.

पण हे सगळं किरकोळ. ऋतू लागू होण्याचा खरा मुहूर्त म्हणजे घरात ऊब सुरू होण्याचा दिवस. मॉस्कोतल्या बहुसंख्य घरांत शेगडी, बंब असं स्वतःचं काही नसतं. शहरात जागोजागी मोठी औष्णिक केंद्रं आहेत. ती वीज तयार करतात आणि त्यातून उरलेल्या उष्णतेनं पाणी तापवून ते जमिनीखालच्या नळांतून घरोघर खेळवतात. ही व्यवस्था १९२४ मध्ये लेनिनग्राडला एका इमारतीपासून सुरू झाली आणि मग देशभर पसरली. प्रत्येक खोलीत खिडकीखाली एक लोखंडी रेडिएटर बसवलेला असतो. त्याला तिथं ‘बातारेया’ म्हणतात. गरम पाणी बातारेयात फिरतं आणि खोली तापते. प्रश्न एवढाच, की पाणी सोडायचं कधी? याचं उत्तर थंडी वाजायला लागल्यावर असं आपण देऊ. रशियन नियम त्याहून नेमका आहे. दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस आठ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. चार दिवस सहा अंशांवर कुडकुडलात आणि पाचव्या दिवशी सूर्यानं चावटपणा करून सरासरी नऊवर नेली, तर नियमाच्या दृष्टीनं तुम्हाला थंडी वाजलेलीच नाही. पुन्हा एकपासून मोजणी. प्रत्यक्षात अधिकारी अंदाज बघून थोडं इकडेतिकडे करतात, पण आकडा मनात पक्का असतो. मग एके दिवशी हुकूम निघतो. आधी इस्पितळं, बालवाड्या, शाळा. मागाहून राहती घरं. कचेऱ्या सगळ्यांत शेवटी. (कचेरीतल्या माणसाला थंडी कमी वाजते असं शास्त्र नसावं. त्याच्याबद्दल सहानुभूती कमी आहे, एवढंच.)

यातली भाषा मोठी मजेची आहे. मराठीत नळाला पाणी ‘येतं’ आणि लाइट ‘जाते’. जणू दोघांनाही पाय आहेत आणि मर्जीही. सकाळी साडेपाचला पाणी आलं म्हणजे ते स्वतः आलं. ते सोडणारा चावीवाला आपल्या वाक्यात कुठं नसतो, तो फक्त पाणी न आल्यावर आठवतो. रशियन माणूस ऊब ‘आली’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘दाली’. म्हणजे दिली. धातूही आपल्या ओळखीचाच, दान-दाता-देणगी यांतला ‘दा’. दिली कुणी, ते वाक्यात नसतं आणि कुणी विचारतही नाही. क्रियापदाचं अनेकवचन पुरेसं असतं. ‘त्यांनी’ दिली. सप्टेंबरअखेर मॉस्कोतली दोन माणसं भेटली की हवापाण्याच्या गप्पा ‘तुमच्याकडे दिली का?’ इथून सुरू होतात. ज्याच्याकडे दिली आहे तो किंचित ओशाळून हो म्हणतो. ज्याच्याकडे दिलेली नाही त्याला ओशाळायचं कारण नसतं, त्यामुळे तो तपशिलात शिरतो. उन्हाळ्यात याच्या उलट प्रकार घडतो. नळ तपासायचे, दुरुस्त करायचे म्हणून प्रत्येक इमारतीचं गरम पाणी दहा दिवसांपर्यंत बंद ठेवतात, आणि त्याचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. अवकाशात पहिला माणूस धाडणाऱ्या देशाच्या राजधानीत भर जुलैत नागरिक पातेल्यात पाणी तापवून आंघोळ करतात. त्यांना याचं फारसं काही वाटत नाही. वेळापत्रकात आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला.

हुकूम निघेपर्यंतचे ते दोन-तीन आठवडे हाच खरा मॉस्कोचा शरद. सप्टेंबरचं सरासरी तापमान बारा अंशांच्या आसपास असतं. म्हणजे बाहेर फिरायला झकास आणि आत बसायला भिकार. काँक्रीटच्या भिंती रात्रीची थंडी धरून ठेवतात. दुपारी बाहेर सतरा अंश असताना घरात शिरलेला माणूस कोट काढायच्या ऐवजी स्वेटर चढवतो. या दिवसांत तेलाच्या हीटरना भलता भाव येतो, ज्यांच्याकडे एसी आहे ते तो उलटा फिरवून ऊब घेतात, आणि चहाची किटली चहाहून जास्त हात शेकायच्या कामाला येते. भाड्याच्या घरात उतरलेला मराठी पाहुणा अशा वेळी आपल्या स्वभावानुसार मालकाकडे तक्रार करतो. मालक त्याच्याकडे करुणेनं बघतो. पाऊस पडत नाही म्हणून हवामान खात्यात अर्ज घेऊन आलेल्या शेतकऱ्याकडे कारकून बघेल, तसं. त्याच्या हातात काही नसतं. सरासरी अजून साडेनऊ आहे.

आता पहिला आक्षेप. थंड देशांत घर तापवावं लागतंच, त्यात रशियाचं विशेष काय? विशेष असं, की लंडनचा माणूस भिंतीवरचं बटण फिरवतो तेव्हा त्याचा त्याच्याशीच करार असतो. थंडी त्याची, बिल त्याचं, आणि बटण कुठं ठेवायचं यावरून होणारं भांडण त्याच्या बायकोशी. मॉस्कोत तो करार शहराशी असतो. जुन्या इमारतींत तर बातारेयाला कमीजास्त करायची चावीच नव्हती. ऊब एकदा दिली की दिली. पानात वाढलेल्या जिलबीसारखी, नको म्हणायची सोय नाही. अशा वेळी कामाला येते ती रशियन घरबांधणीतली एक नामी सोय, खिडकीतली खिडकी. मोठ्या तावदानाच्या कोपऱ्यात वहीएवढं एक छोटं तावदान वेगळं उघडतं. तिला ‘फोर्तोच्का’ म्हणतात. बाहेर उणे पंधरा असताना आत सव्वीस अंश झाले की रशियन माणूस फोर्तोच्का उघडून रस्ता तापवतो. नव्या इमारतींत आता चाव्या आल्या आहेत, मोजमाप आलं आहे, प्लास्टिकच्या खिडक्या वरून तिरक्या उघडतात. तेव्हा हे जुन्या जमान्याचं वर्णन आहे असा पोटआक्षेप कुणी घेईल. घेऊ दे. चावी घरात आली तरी हुकमाची तारीख अजून बाहेरच आहे, आणि ‘दाली का?’ हा प्रश्न चकचकीत टॉवरच्या लिफ्टमध्येही तितक्याच आस्थेनं विचारला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. घर तापवणं सरकारच्या हातात असेल, आभाळ तर नाही? माझ्या मताला सगळ्यांत भक्कम पुरावा नेमका इथंच मिळतो, कारण मॉस्कोनं आभाळालाही सोडलेलं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिथं ‘शहराचा दिवस’ साजरा होतो. मॉस्कोचं नाव इतिहासात पहिल्यांदा येतं ते ११४७ साली, आणि एवढ्या वयस्क शहराच्या वाढदिवसाला पाऊस पडणं बरं दिसत नाही. म्हणून अशा सणांच्या आदल्या तासांत विमानं उडवतात आणि शहराकडे येणाऱ्या ढगांवर सिल्व्हर आयोडाइड, कोरडा बर्फ, सिमेंटची भुकटी असं काहीबाही टाकून त्यांना अलीकडेच रिकामं करतात. आपण महाराष्ट्रात २००३ साली, पुन्हा २०१५ आणि २०१९ साली विमानं उडवली ती ढगांनी पडावं म्हणून. तिथं उडवतात ती त्यांनी इथं पडू नये म्हणून. आपली विनंती असते, त्यांची हद्दपारी. ढग दोघांचंही फारसं ऐकत असतील असं नाही, पण आपल्याकडे निदान सिमेंट तरी वर जात नाही. २००८ च्या जूनमध्ये राष्ट्रीय सणासाठी असंच आभाळ साफ करताना सिमेंटची एक पिशवी वर फुटायची ती फुटली नाही आणि मॉस्कोजवळच्या एका घराच्या छपराला भगदाड पाडून आत आली. हवाई दलानं देऊ केलेली भरपाई घरमालकानं नाकारली आणि मनस्तापाबद्दल दावा लावण्याची भाषा केली. घरमालकाची बाजू मला पटते. सिमेंट घरावर पडतं हे बांधकाम चालू असताना ठीक आहे.

तरी त्या पिशवीनं कुणी शहाणं झालं नाही. दुसऱ्याच वर्षी, २००९ मध्ये, शरदाच्या तोंडावर मॉस्कोचे तेव्हाचे महापौर यूरी लुझकोव यांनी जाहीर केलं की यंदा बर्फ शहराच्या वेशीबाहेरच पाडायचा. बर्फ उपसायला जो पैसा लागतो त्याच्या तुलनेत विमानं स्वस्त पडतात, असा हिशेब. हिशेब पालिकेच्या मीटिंगमध्ये मंजूर होण्यासारखाच होता. फक्त वेशीबाहेर राहणाऱ्यांचा बर्फ कुणी उपसायचा, हा मुद्दा त्यात नव्हता. पुढच्या वर्षी लुझकोव पदावरून गेले. बर्फ अजून येतो.

आणि आभाळ राहू द्या, सूर्याचं काय झालं ते पाहा. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं आणि ऑक्टोबरअखेर तासभर मागं, हा युरोपीय शिरस्ता रशियातही होता. २०११ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी घड्याळ मागं घेणं बंद केलं. म्हणजे देशात कायमचा उन्हाळा, निदान मनगटावर. डिसेंबर आल्यावर लक्षात आलं की मॉस्कोत सूर्य दहाच्या सुमारास उगवतो आहे आणि शाळेचे दोन तास रात्री होत आहेत. २६ ऑक्टोबर २०१४ ला पुतिन यांच्या सरकारनं काटे एक तास मागं सरकवून कायमचा हिवाळा लागू केला. मुंबई आणि मॉस्को यांच्यातलं अंतर त्या तीन वर्षांत दीड तासाचं होतं ते अडीच तासांचं झालं. दोन्ही शहरं मात्र होती तिथंच. याआधीचा विक्रम लेनिन यांच्या नावावर आहे. १९१८ साली ३१ जानेवारीनंतरचा दिवस १४ फेब्रुवारी असेल असा फतवा निघाला आणि तेरा तारखा कुणालाही न भेटता निघून गेल्या. त्यामुळेच ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस नोव्हेंबरात येतो. चर्चनं हा फतवा मानला नाही. ते अजून जुन्याच पंचांगानं तेरा दिवस मागून चालतं, आणि शेतीवाडीच्या जुन्या म्हणी सणांना बांधलेल्या असल्यामुळे त्याही तेरा दिवस उशिरा खऱ्या ठरायचा प्रयत्न करतात. टिळक पंचांग मानणाऱ्या घरात कधी कधी गणपती महिनाभर आधी बसतो, हे माहीत असलेल्या मराठी माणसानं इथं फार हसू नये.

यावर साहित्यप्रेमी वाचक पुढं सरसावतील. रशियन शरद म्हणजे हुकूम आणि नळ एवढाच का? लेवितानचं ‘सोनेरी शरद’ हे १८९५ चं चित्र कुठं गेलं, पुश्किन कुठं गेला? लेवितान त्रेत्याकोव गॅलरीत आहे, जागेवर; पण तो बघायला आत शिरण्याआधी कोट जमा करावा लागतो, त्याकडे येतोच. पुश्किनचा दाखला मात्र आक्षेप घेणाऱ्यांनी काढायला नको होता. रशियन साहित्यातला सगळ्यांत भरघोस शरद म्हणजे बोल्दिनो गावातला १८३० चा. लग्नापूर्वी जमिनीची कागदपत्रं निस्तरायला पुश्किन सप्टेंबरात तिथं गेला, थोड्या दिवसांसाठी. तेवढ्यात कॉलऱ्याची साथ आली, सरकारनं रस्त्यांवर चौक्या बसवल्या, आणि नवरदेव मॉस्कोतल्या नियोजित वधूपासून दूर जवळजवळ तीन महिने अडकला. ‘येव्गेनी अनेगिन’ त्यानं तिथं हातावेगळं केलं, बेल्किनच्या गोष्टी लिहिल्या, चार छोट्या शोकांतिका लिहिल्या, कवितांची तर गणतीच नको. तो शरद पानगळीनं दिलेला नाही, तो जमावबंदीनं दिला. तलाठ्याच्या कामासाठी गावी जाऊन अडकलेले लोक आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून वाङ्मय का होत नाही हा वेगळा विषय.

हुकूम म्हटला की अंमलबजावणी करणारं खातं लागतं. मॉस्कोत हे खातं आज्यांकडे आहे. रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे बाई आणि ‘बाबुश्का’ म्हणजे आजी. मराठी पाहुण्यानं दचकू नये. सप्टेंबराच्या मध्यावर थंडी मागं सरून आठ-दहा दिवस जी कोवळी ऊब परतते तिला म्हणतातच ‘बाब्ये लेता’, बायकांचा उन्हाळा. शेतातली कामं उरकून बायकांना जरा फुरसत मिळायची, म्हणून ते नाव, असं एक स्पष्टीकरण देतात. ही फुरसत रशियन आजीनं कधी घेतलेली दिसत नाही. डोक्यावर टोपी नसलेलं अनोळखी पोर दिसलं की ती त्याच्या आईला रस्त्यात थांबवते. थंड दगडी पायरीवर बसलेल्या तरुणीला ती उठवते; का, ते भविष्यातल्या नातवंडांच्या हवाल्यानं सांगते. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघड्या असणं म्हणजे ‘स्क्वाझ्न्याक’, वाऱ्याचा झोत, आणि मान धरण्यापासून न्यूमोनियापर्यंत सगळ्याला तोच कारण. नाटकगृहात, वस्तुसंग्रहालयात, मोठ्या वाचनालयात शिरताच कोट काढून ‘गार्देरोब’मध्ये द्यायचा. तिथं बहुधा अशाच एक आजी असतात. त्या कोट घेतात, क्रमांकाचा बिल्ला देतात, आणि कोटाच्या कॉलरमागचा अडकवायचा फास तुटलेला असेल तर तो का शिवला नाही याची चौकशी करतात. बाहेर आठ अंश आहेत, आत कोट ठेवतो, असं म्हणून चालत नाही; आत कोट घालून बसणं हे आपल्याकडे चपला घालून देवघरात जाण्यासारखं आहे. नाटक संपल्यावर कोटासाठी लांबलचक रांग लागते. पण ज्यानं आधी भाड्यानं दुर्बीण घेतली आहे त्याला बऱ्याच ठिकाणी रांगेशिवाय कोट मिळतो. म्हणून पहिल्या ओळीत बसलेली माणसंही दुर्बीण घेतात.

हे आज्यांचं चित्र घासून गुळगुळीत झालेलं, परदेशी माणसाच्या सोयीचं आहे, असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. त्यामागचं कारणही गमतीचं नाही. रशियात बायका पुरुषांपेक्षा सरासरी दहा वर्षांच्या आसपास जास्त जगतात, आणि २०१८ च्या सुधारणेपर्यंत त्यांचं निवृत्तीचं वय पंचावन्न होतं. म्हणजे हातात तुटपुंजी पेन्शन, अंगात अजून बळ, आणि बरेचदा घरात म्हातारा नाही. खुर्चीवर बसून लेवितानची राखण करण्याचं किंवा कोट टांगण्याचं काम त्या करतात ते हौसेनं नव्हे. पण मुद्दा त्यांच्या स्वभावाचा नाही, कामाच्या वाटपाचा आहे. वरचं सरकार तापमान ठरवतं, आणि त्या तापमानात तुम्ही काय घालायचं हे खालचं सरकार ठरवतं. पहिल्या सरकारविरुद्ध निदान तक्रारीचा फोन नंबर असतो.

शेवटचा आक्षेप घरचाच आहे. आपल्याकडे काय वेगळं आहे? आपला मान्सूनही जाहीरच करावा लागतो. १० मेनंतर केरळ आणि आसपासच्या ठरलेल्या १४ केंद्रांपैकी साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर तरी पाऊस पडला पाहिजे, वाऱ्याच्याही अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत, तेव्हा कुठे तो ‘दाखल’ होतो. तोवर कोचीत माणूस नखशिखांत भिजला तरी तो वळीव. साम्य मान्य, पण आपलं खातं जाहीर करतं तेव्हा ते फक्त बातमी देतं, पाण्याचा एक थेंबही सोडू शकत नाही. मॉस्कोतला हुकूम निघाला की लोखंड खरोखर तापतं. ऋतू आभाळापेक्षा राहणीवरून ओळखायचा, हा रशियन कल जुनाही आहे. त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल पाहून त्यानं आपल्या टिपणात त्या ऋतूची नोंद केली ती हिवाळा म्हणून. जुन्नरच्या श्रावणाला हिवाळा म्हणणारा तो बहुधा पहिला माणूस असावा. पण त्याच्या बाजूनं बघितलं तर चूक कुठं आहे? रस्ते बंद, माणसं घरात, व्यापार ठप्प, वाट बघण्यावाचून काम नाही. त्वेरमध्ये याला हिवाळाच म्हणतात. अंश मोजायला तापमापक त्याच्याकडे नव्हता, आणि असता तरी त्यानं तो मानला असता असं वाटत नाही.

एवढं लक्षात ठेवून गेलं तर सप्टेंबरअखेरचा मॉस्को अगदी सोपा आहे. कानटोपी न्यावी, थंडीसाठी नव्हे, आज्यांसाठी. मेहुण्याचं जाकीट ठेवून जावं. कांद्यासारखे पदर घालावेत, म्हणजे बाहेर एक, गार्देरोबमध्ये दुसरा आणि आत तिसरा माणूस होता येतं. कोटाचा फास शिवून घ्यावा. दिवस तिथं रोज चार-पाच मिनिटांनी लहान होत असतो, तेव्हा पानं दुपारीच बघून घ्यावीत. आणि नशीब असेल तर मुक्कामातच तो दिवस येतो. संध्याकाळी खिडकीखालून आधी गुरगुर, मग खडखड ऐकू येते. नळात अडकलेली हवा बाहेर पडते. घरातला प्रत्येक जण आळीपाळीनं येऊन बातारेयाला हात लावतो, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. दिली! तिसऱ्या दिवशी खोली सव्वीस अंशांवर जाते, नातू घामाघूम होऊन फोर्तोच्का उघडतो. आजी येते, झोत लागेल म्हणते आणि बंद करते. तो पुन्हा उघडतो. ती पुन्हा बंद करते. हे एप्रिल-मेपर्यंत चालतं, दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस आठ अंशांच्या वर जाईपर्यंत.